रेड्याच्या पाठीवरचं वशिंड

मी रेडा बोलतोय. कपाळावरचं कुंकू, गळ्यातली पितळी घंटा आणि पाठीवरचं वशिंड बघून फसू नका. वशिंड बैलाला असतं, रेड्याला नसतं. ज्याने कधी तबेल्यात पाय ठेवला असेल त्याला हे सांगावं लागत नाही. पण अंधेरीत आता तसा माणूस शोधावा लागतो.

मी रागीट आहे, तेही आत्ताच सांगून टाकतो. मला घडवलंच तसं. मान खाली, शिंगं मागे वळलेली, पुढचा उजवा पाय रोवलेला. बघणाऱ्याला वाटावं, आला हा अंगावर. येऊ मात्र शकत नाही. चार बोल्टांनी मला काँक्रीटच्या चौथऱ्याला आवळून टाकलंय. मनातल्या मनात मी रोज येतो, आणि कुणाकुणाच्या अंगावर येतो ते पुढे कळेलच.

मला घडवणारा दादू. साकीनाक्याला गॅरेजांच्या आणि भंगारवाल्यांच्या गल्लीत त्याचा पत्र्याचा गाळा आहे. एकोणिसाव्या वर्षी तो परतूरकडून मुंबईत आला, एका कारखान्यात वेल्डिंग शिकला, मग स्वतःचा गाळा टाकला. खिडक्यांच्या ग्रिल, जिन्यांचे कठडे, दुकानांची शटरं, अशी कामं त्याने पस्तीस वर्षं केली. चित्रं, मूर्ती, असलं काही त्याला कुणी शिकवलं नाही. खडू हातात धरला तो पत्र्यावर माप टाकण्यापुरता.

एका दुपारी स्कूटरचं चेपलेलं मडगार्ड हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. शेजारच्या गाळ्यातला दशरथ, तोही वेल्डरच, त्याला म्हणाला, "काय रे, बसल्या बसल्या झोपलास काय?"

"हा कावळा आहे," दादू म्हणाला.

"कोण कावळा?"

"हे मडगार्ड. पाठ बघ ना त्याची."

संध्याकाळपर्यंत त्याने जुना पाना कापून चोच लावली, खिळ्यांचे पाय केले आणि कावळा गाळ्याच्या दारावर बसवला. गल्लीतले खरे कावळे त्याच्याशी भांडायला येऊ लागले. दादूला तेवढी पावती पुरली. मग कुत्रा झाला, शेळी झाली, भिंतीवर चढणारी घोरपड झाली. दशरथ म्हणायचा, "लोखंडाला लोखंड राहू दे ना यार. शेळ्या काय वळायच्यात तुला?" दादू हसायचा आणि चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा कामाला लागायचा.

दादूची मुलगी प्रियंका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. तिने बापाच्या जनावरांचे फोटो मोबाइलवरून इंटरनेटवर टाकले. ते बघून एक दिवस गंधाली आली.

मी उभा आहे त्याच सोसायटीत गंधाली राहते. सोसायटीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर सेक्रेटरी म्हणेल बदनामी केली. अंधेरी पश्चिमेला, तबेला पाडून उभे केलेले तीन टॉवर, एवढं पुरे. गेटपाशी एक गोल चौथरा रिकामा पडला होता. तिथे कारंजं व्हायचं होतं, पण कारंज्याला पाणी कुठून आणणार, म्हणून राहिलं. गंधाली कमिटीवर होती. तिने दादूला विचारलं, "काका, हत्ती कराल का? छान भला मोठा?"

दादू जागा बघायला आला. चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "इथे आधी काय होतं?"

"तबेला होता म्हणे. आमच्या आधी."

"मग हत्ती कुठून आणता ताई? इथे रेडा पाहिजे."

"म्हैस म्हणायचंय का तुम्हाला?"

"म्हशीचं दूध सगळ्यांनी प्यायलं. नर रेडकू दूध देत नाही म्हणून जन्मल्यावर चार दिवसांत त्याचं काय करतात, ते कुणी विचारत नाही. रेडाच करतो."

गंधालीला हे फार आवडलं. तिने कमिटीत तसं सांगितलं आणि मंजुरी आणली. सेक्रेटरी राजेशने तेव्हा सही करताना मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढे मात्र त्याला सगळं आठवायला लागलं, 'मी पहिल्यापासून नको म्हणत होतो' वगैरे.

माझ्यासाठी दादूने चार महिने घेतले. दर रविवारी तो आरेतल्या तबेल्यांत जायचा. जनावरांच्या कमरेच्या हाडांवरून हात फिरवायचा, खुरांपाशी उकिडवा बसून बघत राहायचा. एका म्हशीने लाथ घातली तेव्हा त्याची मांडी काळीनिळी पडली. प्रियंका घरी ओरडली, तर हा म्हणतो, "लाथ कुठून निघते ते आज कळलं. उद्या रेड्याची मागची मांडी परत करतो." आणि खरंच त्याने माझी तयार मांडी कापून काढली.

माझी शिंगं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची आहेत. बरगड्या कुणाच्या तरी बाल्कनीच्या ग्रिलच्या, कातडं जुन्या शटरचं, कान फावड्याच्या पात्यांचे, डोळे बेअरिंगचे. शेपटी मोटरसायकलची चेन, टोकाला तारेचा ब्रश. ह्यातलं काहीएक कुणाला नको होतं. जिन्याखालून, गच्चीवरून, गटाराच्या कडेने उचललेलं. वस्तू टाकताना माणूस तिच्याकडे बघत नाही, तोंड फिरवून टाकतो. माझा प्रत्येक तुकडा हे सांगेल.

शेवटी शिंगं चढवायची होती त्या दिवशी प्रियंका डबा घेऊन गाळ्यात आली होती. तिने विचारलं, "पप्पा, खरं सांगा, रेडाच का?"

दादूने चष्मा वर केला. "माझा आजा गावात मेलेली ढोरं ओढायचा. म्हणजे ओढायलाच लागायचं, सांगितलेलं काम होतं ते आपल्या लोकांना. बैल, म्हशी, रेडे. पाय बांधायचे आणि फरफटत गावाबाहेर. छप्पन साली त्याने दावं फेकून दिलं. म्हणाला, आजपासून ज्याचं ढोर त्याने ओढावं. वर्षभर गावाने दळण बंद केलं, विहीर बंद केली. तरी नाही ओढलं."

"हे मला माहितीये."

"माहिती असू दे. आज्याला ढोराचं हाडन् हाड ठाऊक होतं. पण त्याने बघितली ती सगळी आडवी. मला एक उभा करायचा होता."

एवढं बोलून त्याने माझं उजवं शिंग उचललं. मी जन्मलो तो त्या क्षणी, असं मी धरून चालतो.

मला टेम्पोतून आणलं, बोल्ट आवळले, चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला छोटी स्टीलची पट्टी बसवली: "रेडा. घडवणारा दादू, साकीनाका." रंग नव्हता. जळक्या ऑइलने पुसून वर लॅकर मारलेलं, त्यामुळे अंग काळंभोर दिसायचं आणि उन्हात शटरच्या पट्ट्यांवर तांबूस झाक यायची. पहिला महिनाभर लोकांनी फोटो काढले. कुणी माझ्या शिंगावर हेल्मेट अडकवलं. कुणी तोंडात चाफ्याचं फूल दिलं. मला तेही आवडलं नाही, पण चालून गेलं.

मग बी विंगमधले एक आजोबा वारले. ब्याऐंशी वर्षांचे होते, दोनदा हृदयाचं ऑपरेशन झालेलं. पंधरा दिवसांनी सी विंगमधला एक माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी सुनेचा गर्भ पडला. तीन दुःखं, तीन घरं. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिघांचं मिळून एकच कारण निघालं. गेटवरचा वॉचमन खंडू मला टेकून उभा राहायचा आणि आलेले मेसेज दुसऱ्या वॉचमनला मोठ्याने वाचून दाखवायचा. "गेटवर यमाचं वाहन उभं केलंय, आणखी काय होणार?" "रोज सकाळी दर्शन कुणाचं, तर रेड्याचं." "कुणाची आयडिया होती ही?"

दोन दिवसांत माझ्या शिंगाला लिंबू-मिरची लटकली. मग सकाळी फिरायला जाणारे माझ्या बाजूने न जाता पार्किंगमधून वळसा घालून जाऊ लागले. ए विंगमधल्या मुलीची लग्नाची गाडी निघाली तेव्हा माझ्यावर निळी ताडपत्री टाकली. एक गृहस्थ रोज ऑफिसला जाताना मला लाथ मारायचे. बूट चांगला होता त्यांचा, माझ्या गुडघ्याला पोचा पडला. मी त्यांच्या अंगावर रोज जायचो, त्यांना पत्ता नसायचा, ते रोज लाथ मारायचे.

एका रविवारी सकाळी दहाला मीटिंग बोलावली. गेटच्या आतल्या मोकळ्या जागेत, माझ्यापासून वीस पावलांवर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दादूलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, बरोबर प्रियंका होती. दोघांना शेवटच्या रांगेत बसवलं.

राजेश उभा राहिला. आवाज गोड ठेवायची त्याला सवय आहे. "आपण कलेच्या विरोधात नाही. पण लोकांच्या भावनांचा विचार करायला हवा ना."

गंधाली म्हणाली, "अहो, आळे गावात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. लोक लांबून दर्शनाला जातात. रेडा अशुभ कसा?"

"तो रेडा वेगळा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. गंधाली लाल झाली. त्यानंतर तिने मोबाइलमध्ये डोकं घातलं ते मीटिंग संपेपर्यंत वर काढलं नाही.

राजेश दादूकडे वळला. "तुम्ही एक करा. तोडायला आम्ही सांगत नाही. मेहनत आहे तुमची. ह्याचाच नंदी करून द्या."

दादूला आधी कळलंच नाही. "काय करू?"

"नंदी. पाठीवर एक वशिंड जोडा, पांढरा ऑइलपेंट मारा, गळ्यात घंटा. शिंगं जरा तशीच राहिली तरी चालतील. तुम्हाला काय, अर्ध्या दिवसाचं काम. सोसायटी रीतसर देईल काय असेल ते. सगळेच खूश."

"साहेब, तो रेडा आहे."

"म्हणूनच तर सांगतोय."

"रेड्याला वशिंड नसतं."

"अहो, लोखंडाला काय असतं?" राजेश हसला. "लोखंड आहे शेवटी. जोडाल ते असतं."

दादू उठून उभा राहिला. त्याला मोठ्याने बोलायची सवय नाही; वेल्डिंगच्या आवाजात माणूस कमीच बोलतो. तो म्हणाला, "मी कुत्रा केला तर तो कुत्राच राहतो. उद्या तुम्ही म्हणाल, वाघ करा. तसं नाही होत. नको असेल तर मी टेम्पो आणतो, माझा रेडा घेऊन जातो."

"सोसायटीची मालमत्ता आहे ती," राजेश म्हणाला. गोडी जरा कमी झाली होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ह्यांना काय वाटणार? ह्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या मेलेली ढोरंच ओढायचे. रेडा म्हणजे ह्यांच्या घरचाच."

प्रियंका ताडकन उठली. राजेश म्हणाला, "असं नका बोलू मॅडम." आणि लगेच पुढे म्हणाला, "पण भावना समजून घ्या त्यांची."

दादूने प्रियंकाचा हात धरून तिला खाली बसवलं. मग त्या बाईकडे बघून म्हणाला, "ओढायचे. बरोबर बोललात. फक्त ओढणाऱ्याचं तेवढं लक्षात ठेवलंत. ढोर कुणाचं होतं ते विसरलात."



"चला पप्पा," प्रियंका म्हणाली. "आत्ता चला."

ते माझ्या शेजारूनच बाहेर गेले. दादूने माझ्या मानेवर दोनदा थाप मारली. तबेल्यात जनावराला मारतात तशी. मला वाटलं, उद्या हा टेम्पो आणेल. चार दिवस मी गेटकडे डोळे लावून होतो.

टेम्पो आला नाही. दशरथ आला.

होय, तोच, शेजारच्या गाळ्यातला. राजेशने त्याला कुठून शोधलं ठाऊक नाही, पण साकीनाक्यात वेल्डर शोधायला कष्ट पडत नाहीत. मला बघून तो जागीच थबकला. त्याने मला घडताना रोज पाहिलं होतं. माझं डोकं चढवताना साखळी त्यानेच धरली होती. तो राजेशला म्हणाला, "साहेब, हे दुसऱ्याचं काम आहे."

"आता सोसायटीचं आहे. तुला जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो."

दशरथ विडी ओढत थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग मशीन लावलं. जुन्या गीझरची अर्धी टाकी त्याने माझ्या पाठीवर पालथी घातली आणि कडेने वेल्डिंगचे टाके मारले. घाईघाईने मारले. दादू एक टाका मारून तीनदा बघायचा, हा बघतही नव्हता. माझ्या डोळ्यांकडे तर त्याने एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी पांढरा रंग लागला. पहिल्या हातातून काळं डोकावत राहिलं, म्हणून दुसरा हात दिला.

पूजेला गुरुजी आले. त्यांनी माझ्या शिंगांकडे बराच वेळ पाहिलं. "शिंगं जरा रेड्यासारखी वाटतात हो."

"मॉडर्न आर्ट आहे गुरुजी," राजेश म्हणाला.

गुरुजींनी मान डोलावली आणि मंत्र सुरू केले. नंदी महादेवाच्या पुढे बसतो म्हणतात. मी उभा आहे, आणि माझ्यापुढे रिक्षा स्टँड आहे. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून सगळं बदललं. वळसा घालून जाणारे माझ्यापुढे थांबू लागले. लाथ मारणारे गृहस्थ त्याच बुटातला पाय बाहेर काढून, अनवाणी होऊन, माझ्या त्याच पोचा पडलेल्या गुडघ्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावू लागले. मी तर तोच होतो. पाठीवर अर्धा गीझर तेवढा वाढला होता.

आणि कान. नंदीच्या कानात इच्छा सांगायची असते, हे मला तेव्हा कळलं. लोक माझ्या फावड्याच्या कानाशी तोंड आणून, दुसरा कान तळहाताने झाकून बोलतात. तुम्हाला वाटेल मुलांचे निकाल, लग्नं, आजारपणं मागत असतील. तीही मागतात. पण जास्त काय मागतात ते सांगू? समोरच्या फ्लॅटवाल्याची बदली होऊ दे. सासूने गावाला जाऊन तिथेच राहावं. ती पार्किंगची जागा आपल्याला मिळू दे आणि त्याच्या गाडीला कुणीतरी ओरखडा पाडू दे. मीटिंगमध्ये बोललेल्या त्या बाई दर सोमवारी येतात. त्यांची इच्छा मी सांगणार नाही. ती ऐकून मला वाटलं होतं, बोल्ट तुटले तर बरं.

मग एक दिवस दादू आला. माझा फोटो कुणीतरी प्रियंकाच्या मोबाइलवर पाठवला होता, "तुमच्या वडिलांचा नंदी किती सुंदर" असं लिहून. सकाळी साडेनऊची वेळ, दर्शनाची गर्दी. दादूच्या हातात छन्नी-हातोडीची पिशवी होती. प्रियंका मागून धावत आली. "पप्पा, वशिंडाला हात लावू नका. भावना दुखावल्या म्हणून केस टाकतील. माझी नोकरी आहे, तुमचं वय झालंय. ऐका ना माझं."

"वशिंडाला नाही लावत," दादू म्हणाला.

तो चौथऱ्याजवळ आला तसा खंडू वॉचमन ओशाळून म्हणाला, "काका, चपला काढा. नाहीतर मला बोलतात."

दादूने पायांकडे पाहिलं. मला घडवताना बूट घालून तो माझ्या पाठीवर बसलेला असायचा. चपला त्याने काढल्या नाहीत. तिथेच, चौथऱ्याबाहेर, गुडघ्यांवर बसला आणि नावाच्या पट्टीवर छन्नी लावली.

राजेश धावत आला. "अरे, काय करताय? नाव राहू द्या की. तुमचीच प्रसिद्धी आहे."

"ज्याने बैल केला त्याचं लावा."

"अहो, लोक विचारतात कुणी केलाय. आम्ही अभिमानाने सांगतो."

"मी नाही केला." दोन घावांत पट्टी निघाली. दादूने ती पिशवीत टाकली आणि उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. पांढऱ्या रंगाकडे, कुंकवाकडे, घंटेकडे. माझे डोळे तेच होते, बेअरिंगचे. मला वाटलं, तो ओळखेल.

"हे माझं नाही," तो म्हणाला, आणि वळला.

लाथांनी मला जे झालं नाही ते त्या तीन शब्दांनी झालं. बाकी सगळ्यांवर माझा राग आहेच; पण दादूवर आहे तो सगळ्यात जास्त. मी काय मागून घेतलं होतं का वशिंड? आज्याने दावं फेकलं, त्याला हात होते. मी कशाने फेकू?

तो गेला. नाव निघाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पट्टीच्या जागी कुणीतरी उदबत्तीचं घर ठेवलं.

ह्याला आता पाच महिने झाले. गेल्या महिन्यात राजेशच्या आईला न्यूमोनिया झाला. म्हातारी चांगली बाई आहे. तिला मी रेडा होतो तेव्हाही आवडायचो आणि नंदी झालो तेव्हाही. तिचं म्हणणं एवढंच, की गेटपाशी कुणीतरी असलं की बरं वाटतं. तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. राजेशचं येणं-जाणं वाढलं. दाढी वाढली, शर्ट चुरगळलेला.

एका दुपारी, अडीचच्या सुमारास, गेटवर कुणी नव्हतं. खंडू आत जेवत होता. राजेश हॉस्पिटलमधून आईचे कपडे न्यायला आला होता. पिशवी खाली ठेवली, बूट काढले, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आला. श्वास लागत होता माझ्या कानाला.

मग तो म्हणाला, "मला माहितीये तू कोण आहेस."

मी ऐकत राहिलो. माझ्याकडे दुसरं काय आहे?

"नंदी नाहीस तू. रेडाच आहेस. रंग मी लावला, मला काय सांगतो कोण. आजोबांना नेलंस ना, म्हणून मी घाबरलो. लोकांना भिऊन नाही केलं ते. मला स्वतःलाच भीती वाटली होती." त्याने माझं शिंग धरलं. "माझ्या आईला नको नेऊ रे. ती बरी होऊन घरी आली, तर मी हे वशिंड काढतो. शपथ. रंग काढतो. तुझ्या माणसाला, त्या दादूला, हात जोडून परत आणतो. सगळ्यांसमोर. पण तिला सोड."

तो रडला. मोठा माणूस रडताना घशातून घोगरा, तुटक आवाज काढतो. ज्याच्या अंगावर मी रोज मनातून जातो तो माणूस माझ्या शिंगाला धरून रडत होता, आणि पहिल्यांदाच मी जागचा हललो नाही, मनातूनसुद्धा.

मी कुणाला नेत नाही. कुणाला सोडतही नाही. मी शटर आहे, ग्रिल आहे, ट्रकचे पाटे आहे. त्याच्या आईला डॉक्टरांनी आणि तिच्या चिवट जिवाने वाचवलं. नवव्या दिवशी ती घरी आली. गाडीतून उतरताना मला बघून हसली आणि म्हणाली, "आहेस का तू?"

राजेश तिला धरून आत घेऊन गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

ह्याला आज बावीस दिवस झाले. रोज त्याची गाडी माझ्यासमोरून जाते. काच वर असते. परवा त्याने माझ्या पायांशी मोठा हार आणून टाकला, लांबूनच, आणि घाईने निघून गेला. हाराने माझं वशिंड निघत नाही, राजेश.

तुम्ही बाकीचे, जे रोज हात जोडता, त्यांच्याकडे माझं काही मागणं नाही. तुमच्यावर मी खूश नाही आणि होणारही नाही. तुमच्या पार्किंगचं तुम्ही बघा. माझं बोलणं ह्या एका माणसाशी आहे. मी यमाचा असेन, महादेवाचा असेन, नाहीतर भंगारातला असेन, ते तू ठरव. पण कानात बोललास ते मी ऐकलं आहे. म्हातारी गच्चीवर फिरायला लागली आहे.

दादूचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये आहे. फोन लाव.